केतकीचं जावळ

पाणी काळं झालं. मालन मोरीत पाय पसरून बसली होती, नडग्यांवर केतकी पालथी, आणि तांब्यातलं कोमट पाणी पोरीच्या डोक्यावरून ओघळून मालनच्या घोट्यांपाशी पोचेपर्यंत काळं झालेलं होतं. आधी तिच्या मनात आलं ते गिरणीचं. लहानपणी सुटीत ती इथे, डिलाईल रोडच्या याच खोलीत, आत्याकडे राहायला यायची तेव्हा गॅलरीतले वाळलेले कपडे झटकल्याशिवाय कुणी घडी घालत नसे. चिमणीची काजळी सगळ्यांच्या कपड्यांवर सारखी बसायची. पण संप होऊन वीस वर्षं होत आली. चिमण्या केव्हाच गार झाल्या होत्या, एकीच्या शेंड्यावर पिंपळ उगवला होता. तिनं आणखी एक तांब्या ओतला आणि पंचाचं टोक बोटाभोवती गुंडाळून पोरीच्या टाळूवरून फिरवलं. पंचा काळा. त्याखाली केसांचा एक पट्टा उघडा पडला, त्याला काय रंग म्हणावा ते तिला सुचेना. पांढरा नव्हे, भुरा नव्हे. राखेनं घासलेल्या टोपाचा असतो तसा, किंवा मासळीच्या टोपलीत सगळ्यांत वर ठेवलेल्या बांगड्याच्या पोटाकडचा. केतकी हातपाय मारत खुशाल हुंकार देत होती.

"बघतंस काय गो अशी? पाणी थंड होता," रखमाआत्या मोरीच्या तोंडाशी येऊन उभी होती. उजवा हात मुरगळलेला, फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला. तो मुरगळला नसता तर पोरीला आंघोळ घालायला मालन बसलीच नसती.

"आत्या, हे काय आहे?"

"काजळ."

"डोक्याला?"

"डोक्याक, भुवयांक. एरंडेलाचा काजळ, घरचा. त्यान डोक्याक थंडाई रवता." आत वळता वळता ती म्हणाली, "आणि कोणी बघल्यान तर नावां ठेवतीत."

रखमा ही मालनची सख्खी आत्या आणि सासूही. मामाची मुलगी करायची त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आत्या स्वतःही तशीच आली होती, सासरे, आबा, तिचे आतेभाऊच. त्यामुळे मालनला या घरात सून म्हणून काही वेगळं शिकावं लागलं नव्हतं, आणि विचारायचं राहिलेलं काही विचारताही आलं नव्हतं. तिची आई लग्नाआधीच गेली. बाळंतपण परळला झालं, आणि पोरीचं न्हाऊमाखू पहिल्या दिवसापासून आत्याकडे. जन्मली तेव्हा केस फिकट होते, आत्या म्हणाली, तान्ह्याचं असंच असतं. बारशाला केस काळेभोर दिसले तेव्हा मालनला हायसंच वाटलं होतं. हायसं वाटायचे प्रसंग तिच्याकडे थोडे. रात्रभर ती झोपेतसुद्धा पोरीचा श्वास ऐकत असे, सकाळी दादरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत असे, परत आली की आधी पोरीची नखं, जीभ, तळपाय बघत असे. शेजारच्या कमलाबाई गॅलरीतून ओरडायच्या, "काय मास्तरीण, पोरीला रोजच्या रोज मार्क देतेस काय?" सगळं बघणाऱ्या बाईला केस दिसले नाहीत. दमलेला माणूस बघतो खूप आणि त्याला दिसत काही नाही, असं तिला त्या काळ्या पंचाकडे पाहताना वाटलं, आणि तो धुवायचाही कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची पोरं गेल्यावर तिनं रुमालाच्या घडीतून आणलेले केतकीच्या कानामागचे चार केस पाण्याच्या थेंबात ठेवले, वर काच टेकवली. शेजारी स्वतःचा एक केस. आधी स्वतःचा पाहिला: रंग पिठासारखा बारीक, एकसारखा पसरलेला. मग केतकीचा. भिंगाखाली तो जवळजवळ रिकामा होता, आणि मध्ये मध्ये काळे गोळे, शाईचं पेन झटकावं तसे. रंग होता. रंग भरपूर होता. तो पसरला नव्हता. हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची, की पेशीत एखादी वस्तू तयार होणं वेगळं आणि ती कडेपर्यंत पोचणं वेगळं. आत बारीक बारीक पिशव्या भरतात, त्या धाग्यांवरून ओढत कडेला न्यायच्या, तिथे पटलाला बिलगवून धरायच्या. हे नेणारी, बिलगवणारी प्रथिनं निराळी. मग पिशवीचं पटल आणि पेशीचं पटल एकमेकांत मिसळतात, साबणाचे दोन फुगे एक व्हावेत तसे, आणि आतलं बाहेर पडतं. पोरं विचारायची, "मॅडम, परीक्षेला येणार का?" ती म्हणायची, दोन मार्कांना. त्या दोन मार्कांकडे ती भिंगातून किती वेळ बघत राहिली कोण जाणे. शिपाई दार लावायला आला तेव्हा तिची मान आखडली होती.

परळच्या हॉस्पिटलातली डॉक्टर तिच्याहून लहान असावी. तिनं केतकीचं पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, पुढच्या खेपेला सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि तरी फाइल मिटली नाही. "तुम्ही हे शिकवता, म्हणून नीट सांगते," ती म्हणाली. "नेणारं एक प्रथिन हिच्यात बिघडलंय. कुठलं, ते केसावरून कळत नाही. नुसतं रंगाचं असेल तर केसच असे, बाकी ऐंशी वर्षं जगेल. पण त्याच्या जोडीचं एक आहे, ते पांढऱ्या पेशींतही लागतं. जंतू शिरलेल्या पेशीला मारायला त्यांच्याकडे विषाच्या पिशव्या असतात. त्या कडेपर्यंत जातात आणि उघडतच नाहीत. मग कुठलासा साधा ताप येतो, आणि या पेशी काम होत नाही म्हणून थांबतच नाहीत, आणखी आणखी गोळा होतात. पोट फुगतं. ताप उतरत नाही." तिनं विचारलं, "नवरा नात्यातला?"

"आतेभाऊ."

"सासू-सासरे?"

"तेही."

डॉक्टरचं पेन थांबलं. "घरात अशा केसांचं मूल तापानं गेलं होतं का? पक्कं विचारून या. जनुकाची तपासणी इथे होत नाही, परदेशी पाठवली तर कधी उत्तर येईल सांगता येत नाही. गेलं असेल तर तापाची वाट बघायची नाही, आत्ताच वेलूरला पाठवते, अस्थिमज्जा बदलायला. पण त्यातही मुलं दगावतात. नुसत्या केसांसाठी मी हिला तिथे ढकलणार नाही. आणि तसं असेल तर इथे ठेवणारही नाही."

"विचारून सांगते," मालन म्हणाली. नाव तिच्या जिभेवर होतं.

बकुळा. संपाच्या वर्षी आबांनी आत्याला आणि दत्तारामला, मालनच्या आताच्या नवऱ्याला, गावी पाठवलं, मालनच्या वडिलांकडे. मालन तेव्हा तिसरीत. आत्या पोटुशी होती, आणि मालनच्याच घरात, माजघरात, बकुळा जन्मली. मालननं तिला झोका दिला होता, ते नक्की. झोक्याच्या दोरीचा काथ्या तळहाताला टोचायचा, तेही नक्की. आणि सकाळी ओटीवर उन्हात आजी पोरीला शेकवायला घेऊन बसायची तेव्हा तिच्या डोक्यावर काहीतरी लकाकायचं. ते केस होते, का खोबरेल, का ते ऊनच? तिसरीतल्या मुलीनं पाहिलेलं, आणि आता एक घाबरलेली आई ते आठवतेय. ही आठवण तिची होती की त्या भिंगाची? ती बसमध्ये डोळे मिटायची, ओटी उभी करायची, आजीला बसवायची, तिच्या मांडीवर पोर ठेवायची, आणि केसांपाशी आलं की चित्र स्वतःच्या सोयीनं कधी काळं व्हायचं, कधी रुपेरी. ताप मात्र आठवायचा. पोरीच्या अंगावर हात ठेवला की मालनचा हात नंतरही ऊन राहायचा. पोट टम्म झालं होतं, वर निळ्या शिरा. मुंबईला निरोप गेला. आबा आले तेव्हा सगळं उरकलेलं. त्यांनी लेकीचं तोंड पाहिलंच नव्हतं, जिवंतही नाही, मेलेलंही नाही. ते अंगणात चपला हातात धरून उभे राहिले, आपल्याच सासरी आत यावं की नाही ते न कळल्यासारखे. आणि आत्या ओटीवरून म्हणाली, "तुमच्या संपान खाल्ल्यान माझ्या चेडवाक. अंगाक दूध रवला नाय माझ्या."

हे वाक्य या खोलीत अजून राहत होतं. डाळ करपली तरी आत्या ते म्हणे, पाणी गेलं तरी म्हणे. आबा, एकेकाळचे गिरणीच्या साचेखात्यातले, मागांवरचे भिवाजी, गेटसभेत दोनशे माणसांपलीकडे आवाज पोचवणारे, ते ऐकून घेत. खिडकीजवळच्या खाटेवर बसून समोर गिरणीच्या आवारात पत्रे उतरताना, खड्डे पडताना, काचेची इमारत चढताना बघत. केतकी झाली तेव्हा त्यांनी एकदाच तोंड उघडलं होतं: "बकुळा ठेवूया नाव." आत्या ताडकन म्हणाली, "ता नाव नको." सगळ्यांना वाटलं, दुःख. आता मालनला वाटत होतं, त्या दिवशी आत्यानं पोरीचं डोकं आधीच पाहिलेलं होतं.

ती विचारायचं ठरवायची आणि भांडी घासून होईतो ठरवलेलं विरघळून जायचं. शेवटी दुपारी, आत्या तांदूळ निवडत असताना, तिनं विचारलंच. "बकुळाचे केस कसे होते, आत्या?"

"केसांसारखे."

"असे होते? हिच्यासारखे?"

"वीस वर्सां झाली. माका काय म्हायत." ताटातले खडे तिनं एकेक करून बाजूला काढले, आणि डावा हात असल्यामुळे तांदूळही त्यांच्याबरोबर जात राहिले.

"डॉक्टर विचारतेय. हिच्यासाठी विचारतेय."

"डॉक्टरणीक सांग, माझा चेडू उपाशी मेला." ती उठली. "आणि हिचा जावळ आता काढून टाकूया. वर्स होवची वाट कशाक बघूची? तुझ्या भावाक, शिवाक फोन कर."

दत्ताराम छापखान्यातून आल्यावर मालननं त्याला सगळं सांगितलं. त्याची बोटं शाईनं निळी, तो ती घासत राहिला. "आईला नको खोदूस गं," तो म्हणाला. "तिच्याकडे तेवढंच एक आहे."

"आणि माझ्याकडे?"

तो केतकीजवळ गेला, तिला उचलायला हात पुढे केले, आणि बोटांकडे बघून मागे घेतले. त्याच्यावर रागवायचं तर अंगात तेवढं बळ लागतं. मालन पोरीजवळ आडवी झाली. त्या रुपेरी डोक्याच्या आत, अंगात, रक्तात, कुठेतरी भरलेल्या पिशव्या कडेला जाऊन उभ्या असतील, उघडत असतील किंवा नसतील. बाहेरून काही कळत नव्हतं. पोर झोपेत तोंड हलवत होतं. आणि बाहेर खुर्चीत आत्या जपमाळ ओढत बसली होती, तीही तशीच. आत वीस वर्षं भरलेलं काहीतरी, ओठांच्या कडेपर्यंत आलेलं.

जावळाला मालनचा भाऊ शिवा गावाहून आला, नारळ, झबलं आणि फणस घेऊन. खोलीत पाट मांडला, त्याभोवती रांगोळी. मामाच्या मांडीवर भाचीला बसवलं. नाक्यावरचे शामराव न्हावी पाण्याची वाटी घेऊन समोर बसले. सकाळीच आत्यानं, डाव्या हातानं, पोरीच्या डोक्याला ताजं काजळ चोपडलं होतं. मालननं पाहिलं आणि थांबवलं नाही. आज केस जातील, मग पुन्हा येतील, मग पुन्हा काजळ. तिला नुसतं खाली बसायचं होतं.

"केस झेलायला आत्या कोण?" शामरावांनी विचारलं. त्यांच्यात जावळाचे केस भुईवर पडू द्यायचे नसतात. मुलाची आत्या ते पदरात घेते.

"मीच की," कमलाबाई पुढे सरकल्या. "बारशाला कानात कुर्र मी केलं, आता पदर कोण दुसरी पसरणार? हिला सख्खी आहे कुठे?"

त्यांनी पदर पसरला. शामरावांनी हात ओला करून केतकीच्या डोक्यावरून फिरवला आणि तळवा उजेडात धरला. "अगो बाय! रखमाबाय, डाय तर मी पण लावतो, पण साठीनंतर सुरू केला!"

"आते, पोरीला नोकरीला बिकरीला लावतेस की काय?" शिवा म्हणाला, आणि कमलाबाई पोट धरून हसल्या. आत्या हसली नाही. "पुसू नको," ती म्हणाली. "तसाच काढ."

खाट करकरली. आबा उठले होते. ते आले, शामरावांच्या खांद्यावरचं फडकं घेतलं, वाटीत बुडवलं, आणि गुडघे मोडून पाटासमोर बसले. केतकीनं त्यांची मिशी धरली. त्यांनी तिला धरू दिली आणि फडकं फिरवत राहिले, कपाळाकडून मागे, सावकाश. खिडकीतून ऊन थेट तिथेच पडत होतं. हसणं आपोआप थांबलं. मालननं आजीची ओटी पाहिली, झोका पाहिला, आणि या वेळी केसांपाशी चित्र बदललं नाही.

आबांनी मान वर केली नाही. "बकुळाचे असेच होते?"

इतक्या वर्षांत लेकीबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. आत्या भिंतीला टेकली. बांधलेला हात तिनं दुसऱ्या हातानं धरला. शिवानं तोंड उघडलं, मालननं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

"असेच," आत्या म्हणाली.

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून. ताप येवच्या आधीपासून." मग ते थांबेना. "माझ्या भावान माका दोन्ही वक्त जेवूक घातल्यान. मी उपाशी नाय होतंय. दूध होता माका. चेडू पितच नव्हता, दूध वायंगणाच्या शेतात पिळून टाकी होतंय मी. आई म्हणाली, असल्या केसांचा चेडू रवाचा नाय, कोणाक सांगू नको, दुसऱ्या चेडवांची लग्ना होवची नाय. म्हणान बोललंय नाय. मगे तुम्ही इलात. चपलो हातात घेवन." तिचा श्वास संपला. "मग मी कोणाक बोलाचा होता?"

आबांच्या हातातलं फडकं काळं पाणी गाळत होतं, त्यांच्याच धोतरावर. "माका," ते म्हणाले. "आणखी कोण होता थंय?"

मग त्यांनी मालनकडे पाहिलं. "मी वेळेर इलो असतो, डॉक्टर घेवन, तर?"

"नाही, आबा. त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. जगात कुणालाच."

मालनला वाटलं होतं, हे सांगता आलं तर तो माणूस सरळ होईल, वीस वर्षांचं काहीतरी खाली ठेवेल. त्यांनी फक्त मान हलवली. जे उचलून उचलून खांद्याचा आकारच तसा झाला, ते काढून घेतल्यावर तो खांदा काय करणार? ते तसेच बसून राहिले, थोडे तिरके. आणि मालनला कळलं की जे तिला हवं होतं ते मिळालं आहे. डॉक्टरला सांगायचं उत्तर. दिवसचे दिवस ती ज्याच्या मागे होती ते, आणि त्याच्याइतकं नको असलेलं दुसरं काही तिला आयुष्यात आठवेना. ऐंशी वर्षं जगणारी केतकी खोलीतून निघून गेली होती. मांडीवर राहिली होती ती ही, मिशी ओढणारी. दत्ताराम दाराच्या चौकटीला धरून उभा होता. पहिल्यांदाच तो हात धुवायला गेला नाही. तसाच पुढे आला आणि मालनच्या मागे बसला.

"शामराव," आबा म्हणाले, "पुरा कर. अर्धा ठेवू नको." मग कमलाबाईंना, "कमळे, तू ऊठ जरा. ती जागा बकुळाची."

कमलाबाई उठल्या. त्यांना कुणाशी तरी काहीतरी थट्टेचं बोलायचं होतं, ते त्यांनी गिळलं. रखमाआत्यानं गळ्यातलं फडकं सोडलं, मुरगळलेला हात मोकळा केला, आणि लेकीच्या जागेवर येऊन पदर दोन्ही हातांनी पसरला. वस्तरा चालू झाला. केस पडत होते ते कळतही नव्हतं, इतके हलके. पदरात पडल्यावर मात्र ऊन धरत होते. केतकी आधी चकित झाली, मग रडली, मग रडायची कंटाळली.

केस पदराच्या गाठीत बांधून आत्या उठली. ते दादरच्या समुद्रात सोडायचे होते. तिनं गाठ पुन्हा उकलली, चिमूटभर केस काढून मालनच्या तळहातावर ठेवले. "डॉक्टरणीक," ती म्हणाली. "आणि माका घेवन जा. मी सांगतंय तिका. सगळा."

मालननं पोरीला शिवाच्या मांडीवरून उचललं. ते तुळतुळीत डोकं तिच्या गळ्याशी टेकलं. वस्तऱ्यामुळे, उन्हामुळे, रडण्यामुळे ते उबदार होतं. तिनं हाताची मागची बाजू त्याला लावली. आत्याही वाकली, काजळलेली बोटं पुढे आली आणि मध्येच थांबली.

"गरम लागता?"

"नाही," मालन म्हणाली, आणि हात तिथेच ठेवला.